चौथी भिंत नसलेली घरं : नितीन देसाईंच्या खोल्यांमध्ये फिरताना

पिंपळनेरमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी नवी घरं झाली, त्यांच्या हॉलमध्ये काही गोष्टी हमखास सापडतात. छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्याच्या कडेने लपवलेली पिवळी नाहीतर निळी एलईडी पट्टी, टीव्हीमागे सोनेरी नक्षीचं पॅनल, दारात दोन गोल खांब आणि जिन्यावर झुंबर. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर हेच सगळं दहापट मोठं होऊन येतं. ही घरं बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कुणा इंटिरिअर डिझायनरला फी दिली असेल. गवंडी, सुतार, पीओपीवाला आणि घरातला एखादा हौशी मुलगा मिळून काम उरकतात. मग ही सगळी मंडळी एकसारखंच 'भारी' कुठून शिकली?

माझं उत्तर सरळ आहे : पडद्यावरून. आणि पडद्यावरच्या त्या भारी खोल्यांपैकी सगळ्यात गाजलेल्या खोल्या एका मराठी माणसाने उभ्या केल्या. नितीन चंद्रकांत देसाई. रूढ अर्थाने ते इंटिरिअर डिझायनर नव्हते, कलादिग्दर्शक होते. पण दोन्ही कामांच्या मुळाशी असलेले प्रश्न तेच. या खोलीत कोण राहतं? त्याच्याकडे पैसा किती आहे आणि तो दाखवायची हौस किती आहे? उजेड कुठून येतो? दारातून आत आलेल्याला आधी काय दिसावं? फरक एवढाच की कलादिग्दर्शकाचं गिऱ्हाईक कागदावर असतं आणि ते कधीच राहायला येत नाही. त्या हिशेबाने बघितलं तर आपल्याकडच्या कुठल्याही इंटिरिअर डिझायनरच्या खोल्या इतक्या लोकांनी पाहिलेल्या नाहीत.

2 ऑगस्ट 2023 नंतर देसाईंबद्दल खूप लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं कर्जाबद्दल होतं आणि उरलेलं 'भव्यदिव्य' या एका शब्दात संपलं. या शब्दाने त्यांचं कौतुक झालं, आणि त्याच शब्दाने त्यांच्या कामाकडे नीट बघणंही थांबवलं. भव्य म्हटलं की पुढे प्रश्नच उरत नाही. मला त्यांच्या खोल्यांमध्ये शिरून थोडं फिरायचं आहे, कारण आपण ज्या घरांत झोपतो त्यांच्याशी या खोल्यांचा संबंध आहे.

आधी कॅमेरा, मग भिंत

देसाईंचं शिक्षण स्थापत्याचं नव्हतं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि रहेजा या कलाशाळांमध्ये ते फोटोग्राफी शिकले. ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट त्यांच्या शैलीची किल्ली आहे. आर्किटेक्ट विचार करायला बसतो तेव्हा आधी जमिनीवरचा नकाशा काढतो : इथे दार, इथे स्वयंपाकघर, इथून न्हाणीकडे वाट. फोटोग्राफर चौकटीपासून सुरू करतो. जवळ काय, लांब काय, मधे काय आणि मागून येणारा उजेड कुठे. देसाईंची कुठलीही गाजलेली खोली थांबवून बघा. अगदी पुढे खांब किंवा पडदा, मधे समई, दिवा किंवा झुंबर, मागे कमान आणि कमानीतून आणखी एक कमान. नजर आत आत जात राहते. ही खोली चालण्यासाठी नाही, बघण्यासाठी रचलेली आहे.

दादासाहेब फाळकेही जे. जे. मध्ये शिकले होते आणि सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफीच्या धंद्यात होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खोली असलेले सेट उभे केले. चित्रकलेतून, छायाचित्रातून सिनेमाच्या भिंतींकडे येणारी ही वाट मराठी माणसाने चांगली मळलेली आहे. देसाई त्याच वाटेने आले.

1987 मध्ये ते फिल्मसिटीत शिरले आणि नितीश रॉय यांच्या हाताखाली 'तमस'वर काम करू लागले. पुढची पाचेक वर्षं रॉय यांच्याकडेच गेली. 'चाणक्य' या दूरदर्शन मालिकेवर सुरुवातीचे भाग ते सहायक होते आणि सव्विसाव्या भागापासून काम स्वतंत्रपणे त्यांच्याकडे आलं. 'चाणक्य'सारखी मालिका म्हणजे कलादिग्दर्शकाची परीक्षाच. मौर्यकाळातलं एकही राहतं घर आज उभं नाही, कारण ते लाकडाचं होतं. त्या काळाच्या खिडक्या, सज्जे, कठडे कसे होते हे जाणायचं तर सांची आणि भारहूतच्या दगडी शिल्पांत कोरलेली लाकडी घरं बघावी लागतात. म्हणजे प्रतिकृतीवरून प्रतिकृती. अंदाजाला अभ्यासाची जोड द्यायची आणि दूरदर्शनच्या बजेटमध्ये बसवायचं. 1994 च्या '1942 : अ लव्ह स्टोरी'ने देसाईंचं नाव झालं, पण त्यांचा हात आधीच्या या सात वर्षांत तयार झाला होता. आज इन्स्टाग्रामवर सहा महिन्यांत 'डिझायनर' होणाऱ्यांना हा काळ सांगायला हवा.

नितीश रॉय यांचं नाव इथे नुसतं गुरू म्हणून घेऊन चालणार नाही. श्याम बेनेगलांच्या 'मंडी'साठी (1983) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. 'मंडी' घडतो एका कोठ्यात. त्या घरात जिने आहेत, वाळत टाकलेले कपडे आहेत, भांडण आहे, स्वयंपाक आहे, एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला ऐकू जातं. घराची जागाच कुणाला तरी हवी आहे, त्यामुळे भिंतींनाही कथेत भाव आहे. एकोणीस वर्षांनी शिष्याने 'देवदास'साठी दुसरा कोठा बांधला : पाण्याच्या काठावर, दिव्यांनी लखलखलेला, घुमट आणि कमानींचा. चंद्रमुखीचा कोठा. या दोन घरांमधलं अंतर म्हणजे देसाईंची कारकीर्द. गुरूने विचारलं, इथे लोक राहतात कसे? शिष्याने विचारलं, इथे उभं राहिलेलं माणूस दिसतं कसं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण चंद्रमुखीच्या घरात चूल कुठे आहे, हे तुम्हाला आठवतं का?

चंपानेर : हात आखडता घेतलेला देसाई

त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास'. यातला पहिला लोक विसरतात. जब्बार पटेलांच्या त्या चित्रपटात चाळीतल्या जगण्यापासून परदेशी विद्यापीठं आणि संविधान सभेपर्यंतचा काळ उभा करायचा होता, आणि प्रेक्षकाचं लक्ष एका क्षणासाठीही सेटकडे जाऊ द्यायचं नव्हतं. कलादिग्दर्शकाला मिळणारी ही सगळ्यात अवघड सूचना : काम असं कर की ते दिसणार नाही. ज्याला आपण आज भव्यतेचा बादशहा म्हणतो त्याला पहिला राष्ट्रीय सन्मान मिळाला तो असं न दिसणारं काम केल्याबद्दल. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

'लगान' (2001) हे माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम आहे. कच्छमध्ये भुजजवळ कुनरिया गावाच्या परिसरात त्यांनी चंपानेर वसवलं. मातीची घरं, बुटक्या भिंती, गोल झोपड्या, टेकडीवरचं देऊळ. आपण बहुतेकांनी 'लगान' क्रिकेटसाठी बघितला, त्यामुळे मागच्या भिंतींकडे लक्ष गेलं नसेल. आता पुन्हा बघा. भुवनच्या घरात वस्तू मोजक्या आहेत. उजेड बहुतेक दारातूनच येतो, म्हणून दारातला माणूस उजळ आणि आतला माणूस सावलीत दिसतो. आई आत, मुलगा दारात, गाव अंगणात. एवढ्या साध्या मांडणीतून त्या घरातली नाती समजतात. भिंतीचा रंग म्हणजे बाहेरच्या जमिनीचाच रंग. पाऊस नाही, हे सांगायला संवाद लागत नाही, भिंत सांगते.

हे काम इतकं चांगलं का झालं? मला वाटतं, कारण इथे साधनांनीच मर्यादा घातली. माती हवी तितकी वळत नाही. तिची भिंत जाड होते, खिडकी लहान ठेवावी लागते, छप्पर खाली येतं. दुरून आणलेल्या नक्षीला इथे जागाच नव्हती. गाव तिथल्याच मातीच्या चालीने उभं राहिलं. चौकटीतून बघणाऱ्या माणसाला इथे जमिनीने धरून ठेवलं.

खानदेशातल्या माणसाला चंपानेर परकं वाटू नये. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं याच घराण्यातली. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर लाकडं अंथरून त्यावर मातीचा जाड थर. सपाट छत. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला तरी आत पंख्याशिवाय बसता येतं, आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला जातं. समोर ओटा, जिथे घर संपतं आणि गल्ली सुरू होते की उलटं, हे नक्की सांगता येत नाही. भिंतीतच कोनाडे, त्यामुळे कपाटाची गरज कमी. साक्री तालुक्यातल्या खेड्यांत अशी घरं अजून आहेत, पण दर वर्षी कमी होतात. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकण्याचा कंटाळा येतो, गळतं, उंदीर होतात, ढोल्या लाकडाला वाळवी लागते. ही सगळी कारणं खरी आहेत. त्या घरांत राहणाऱ्याला 'काय सुंदर' म्हणून तिथेच राहा असं सांगायचा अधिकार मला नाही. कच्छमध्ये तर 'लगान'चं शूटिंग संपल्यावर काही महिन्यांतच, 26 जानेवारी 2001 ला, भूकंपाने गावंच्या गावं पाडली. मातीच्या आणि दगडाच्या कच्च्या भिंतीखाली माणसं गेली. सिनेमातलं मातीचं घर आणि खरं मातीचं घर यांच्यात हा फरक नेहमी राहील.

पण स्लॅबचं घर बांधणं आणि धाब्याच्या घराची सगळी अक्कल फेकून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्ही एकदम केल्या.

पारोच्या काचा

'देवदास' (2002) वर उधळपट्टीचा आरोप नेहमी होतो. मला तो अर्धाच पटतो. संजय लीला भन्साळींच्या या चित्रपटात तीन घरं आहेत, आणि देसाईंनी तिन्ही घरांना वेगळं बोलायला लावलं आहे.

देवदासच्या वाड्यात जाड, उंच, युरोपीय थाटाचे खांब आहेत. माणूस त्यांच्यापुढे लहान होतो. जमीनदाराची ऐट आणि विलायतेचा ध्यास दोन्ही त्या खांबांत आहेत. शेजारच्या पारोच्या घरात रंगीत काचाच काचा. लाखाहून जास्त तुकडे त्या एका सेटला लागले. काच का? पारोचं घर उघडं आहे. तिची आई मनातलं लपवत नाही, ती स्वतः लपवत नाही, आणि याच उघडेपणाचा पुढे अपमान होतो. काचेतून उजेड येतो, रंग येतो, शेजारच्याची नजरही येते. काच फुटते, हेही आपल्याला ठाऊक असतं. चंद्रमुखीचं घर पाण्याकाठी, म्हणजे प्रत्येक दिव्याचं दुसरं रूप पाण्यात हलतं. तिच्याकडे जे आहे ते प्रतिबिंब. हातात येणार नाही असं.

आणि शेवट. पारो सासरच्या वाड्यातून धावत सुटते, बाहेर झाडाखाली देवदास मरतोय, आणि वाड्याचा प्रचंड दरवाजा बंद होत जातो. त्या दोन फळ्या हेच तिथलं शेवटचं पात्र. एवढा मोठा दरवाजा का बांधला, हे आपल्याला तीन तासांनी कळतं. याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. ही घरं कथेचं काम करतात.

पण अर्धा आरोप उरतो. या घरांत कुणी राहत नाही. कुणी पाणी भरत नाही, कुणाचा टॉवेल दांडीवर नाही, धूळ नाही. 'मंडी'मध्ये घर आधी होतं आणि माणसं त्यात शिरली. 'देवदास'मध्ये प्रत्येक खोली एका माणसाच्या एका भावनेसाठी बांधली आहे. भावना बदलली तर ती खोली निरुपयोगी. नाटकाच्या भाषेत ज्याला चौथी भिंत म्हणतात, ती सेटला नसते. तिथे कॅमेरा उभा असतो. देसाईंच्या सगळ्या खोल्यांचं तोंड त्या नसलेल्या भिंतीकडे आहे. सिनेमात ते योग्यच. पण आपल्या घराला चार भिंती असतात, आणि चौथ्या भिंतीला टेकून आजी बसलेली असते.

साच्यातून काढलेलं 'भारी'

सेट कशाचा बनतो? प्लायवूड, लाकडी सांगाडा, गोणपाट, फायबर आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. पीओपी हे सेटवाल्यांचं लाडकं साधन, कारण ते साच्यात ओतलं की मिनिटांत घट्ट होतं, हलकं असतं आणि रंगवलं की दगड, लाकूड, संगमरवर काहीही बनतं. एक खांब कोरला की साच्यातून शंभर निघतात. आठ महिने टिकलं तरी पुरे. पाणी लागलं की फुगतं, पण सेटला पाणी कोण लावतं?

हेच पीओपी आज खानदेशातल्या प्रत्येक नव्या हॉलच्या छताला आहे. सेटचं साधन आणि सेटचं तर्कशास्त्र दोन्ही एकदम घरात आलं. घर बघायला आलेला पाहुणा म्हणजे आपला कॅमेरा. हॉलची एकच भिंत सजवली जाते, सोफ्यावरून दिसणारी. स्वयंपाकघरात मात्र खिडकी लहान, चिमणी बंद आणि बाई घामाने निथळते. दहा फुटांच्या खोलीचं छत फॉल्स सीलिंगने नऊ फुटांवर आणतो, मग उन्हाळ्यात एसी लागतो. दारातले दोन खांब काहीही उचलत नाहीत. समोरचा ओटा गेला आणि त्या जागी गाडीसाठी रॅम्प आला. हे सगळं महाग आहे, आणि आपण ते मेहनतीच्या पैशाने करतो. कांदा चांगला गेला त्या वर्षी छत होतं, नाही गेला तर भिंतीचं पॅनल पुढच्या वर्षावर.

याचा दोष देसाईंना द्यावा का? नाही. त्यांनी पारोला काच दिली कारण ती पारो होती. आपण काच उचलली आणि पारो मागे सोडली. देवदासचे खांब आपल्या दारात आले, पण ते खांब चित्रपटात ऐट दाखवायला आणि ऐट हास्यास्पद करायला उभे होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. वैऱ्याच्या घरातलं सामान आपण कौतुकाने आणून बसवलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे डेमो नावाचा प्रकार असतो. ग्राहकाला दाखवायला पंधरा मिनिटं चालेल असं काहीतरी बनवायचं. बटण दाबलं की स्क्रीन बदलते, मागे काहीच नसतं. डेमो बनवणं ही खरी कला आहे आणि तिला कमी लेखू नये. पण तोच डेमो कुणी जसाच्या तसा रोजच्या वापराला लावला, तर तो रात्री दोन वाजता कोसळतो. सेट हा घराचा डेमो आहे. देसाई डेमोचे उस्ताद होते. रोज वापरायचं घर बनवायची जबाबदारी त्यांनी घेतलीच नव्हती.

कर्जतचा पेच

निदान 2005 पर्यंत तरी नाही. त्या वर्षी कर्जतजवळ पन्नासेक एकरांवर एन. डी. स्टुडिओ सुरू झाला, आणि देसाईंच्या कामात एक नवा पेच आला. सेटचं आयुष्य ठरलेलं असतं. बांधा, चित्रित करा, पाडा. स्टुडिओत मात्र सेट उभेच ठेवायचे होते. किल्ले, राजवाडे, बाजारपेठा. एकदा बांधलेलं पुन्हा पुन्हा भाड्याने द्यायचं, लोकांना तिकीट काढून दाखवायचं. गंमत म्हणजे गुरू नितीश रॉय यांचं नावही हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीच्या रचनेशी जोडलेलं आहे. दोघांनाही क्षणभंगुर गोष्ट कायमची करायची होती.

इथे झालेलं काम मोठं आहे. 'जोधा अकबर'साठी (2008) आग्र्याचा दिवाण-ए-आम इथे उभा राहिला. त्याच वर्षी स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' आली, निर्माते स्वतः देसाई. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर शिवकाळातला दरबार म्हणजे त्या मालिकेतला दरबार. शाळेची सहल रायगडावर गेली तेव्हा उघडे चौथरे बघून मुलं गप्प झाली, कारण टीव्हीवरचा रायगड जास्त खरा वाटत होता. एका कलादिग्दर्शकाने एका समाजाच्या स्मरणात खोल्या बांधल्या. लालबागच्या राजाच्या देखाव्यांमधूनही तेच. याहून मोठं यश काय असतं मला माहीत नाही.

पण डिझायनर म्हणून बघायचं तर या काळात आकार वाढत गेला आणि अर्थ विरळ होत गेला. 'प्रेम रतन धन पायो'मधला (2015) शीशमहाल घ्या. आमेरच्या खऱ्या शीशमहालात आरशाचे छोटे तुकडे जडवले आहेत, एक मेणबत्ती लावली तरी सगळी खोली चमकावी म्हणून. कमी उजेडात जास्त उजेड करण्याची ती युक्ती. सेटवर शेकडो दिवे आधीच लागलेले असतात, मग आरसे काय करतात? ते फक्त आपण किती आहोत हे सांगतात. पारोच्या काचांना काम होतं, या आरशांना नाही. तेरा वर्षांत काच पात्राची भाषा न राहता खर्चाची पावती झाली. हिंदी सिनेमाच तिकडे गेला होता, हे खरं. पण देसाई त्याच्या पुढे चालत होते, मागे नाही.

कायमच्या सेटला देखभाल लागते. कोकणच्या अंगाचा पाऊस पीओपीला आणि प्लायला माफ करत नाही. मे 2021 मध्ये स्टुडिओत आग लागून 'जोधा अकबर'चा सेट जळाला. कोविडची दोन वर्षं चित्रीकरणं बंद. अडीचशे कोटींच्या घरात थकलेलं कर्ज, जुलै 2023 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेचा आदेश, आणि 2 ऑगस्टला तिथेच देसाईंनी आयुष्य संपवलं. ते अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होते. एखाद्या माणसाच्या मृत्यूचा अर्थ त्याच्या इमारतींवरून लावू नये, मी लावणार नाही. कामाबद्दल मात्र एवढं म्हणता येतं की उभ्या केलेल्या आणि टिकवलेल्या गोष्टीत जो फरक असतो, तो कर्जतला सगळ्यात महाग पडला.

नकलेची गोष्ट

देसाईंनी दिग्दर्शित केलेला 'अजिंठा' (2012) फारसा चालला नाही, आणि चित्रपट म्हणून तो विस्कळीत आहे. कथा थांबते आणि चौकट सुंदर दिसत राहते. तरी त्यांना समजून घ्यायचं तर मी हाच चित्रपट बघा म्हणेन. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घ कवितेवर तो आधारलेला आहे. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या पळसखेड्याचे. नायक रॉबर्ट गिल : मद्रासच्या फौजेतला अधिकारी, 1840 च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलेला. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर ती चित्रं उतरवली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि डिसेंबर 1866 मधल्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. गिल पुढे लेण्यांचे फोटोही काढत राहिला. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे, आपल्याच खानदेशात.

देसाईंना ही गोष्ट का भावली असेल, यावर त्यांनी काही म्हटलं असो वा नसो, मला ती त्यांच्या व्यवसायाचीच गोष्ट वाटते. आयुष्यभर नकला करणारा माणूस. नक्कल मूळच्या इतकी जवळ न्यायची की अंगावर काटा यावा, आणि ती जळणार किंवा पडणार हे माहीत असायचं. गिलच्या नकलांना आपण फालतू म्हणत नाही, कारण नक्कल करताना त्याने अजिंठा रेषेरेषेने पाहिला होता. नक्कल हा त्याचा बघण्याचा मार्ग होता. देसाईंचं चांगलं काम याच जातीचं आहे. चंपानेर बांधायला कच्छचं घर बघावं लागलं, 'चाणक्य'साठी शिल्पं. जिथे बघणं कमी पडलं तिथे फक्त आकार उरला.

महानोर गेले 3 ऑगस्ट 2023 ला. देसाईंच्या दुसऱ्या दिवशी. 'अजिंठा' लिहिणारा आणि 'अजिंठा' दाखवणारा, दोघं एका दिवसाच्या अंतराने.

आपण काय घ्यायचं

साक्री-पिंपळनेरकडची बरीच मुलं-मुली आता नाशिकला, पुण्याला इंटिरिअर डिझाइन शिकायला जातात. त्यांच्या फोनमध्ये जगभरातल्या खोल्या साठवलेल्या असतात : जपानी, स्कँडिनेव्हियन, राजस्थानी. ते बघू नये असं नाही. पण देसाईंकडून काही घ्यायचं असेल तर झुंबर घेऊ नये, त्यांची सुरुवातीची सवय घ्यावी. आधी विचारायचं, इथे कोण राहणार आहे. मग त्या माणसाच्या जगाला जाऊन बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे, आणि मगच साच्याला हात लावायचा.

त्यासाठी आग्र्याला जायची गरज नाही. गावातलं एखादं धाब्याचं घर अजून उभं असेल. मालकाला विचारून टेप घेऊन आत जा. भिंत किती जाड आहे, कोनाडा जमिनीपासून किती उंचीवर आहे, दुपारी तीन वाजता ऊन कुठपर्यंत येतं, ओट्याची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्याला कशी जुळते, हे लिहून काढा. घर पडलं तरी ते आकडे राहतील. गिलच्या जवळजवळ सगळ्या नकला जळाल्या, पण त्याने पाहिलेलं वाया गेलं नाही, कारण त्याच्यानंतर आणखी माणसं त्याच लेण्यांत नकला करायला आली. स्लॅबच्या घरातही जाड पश्चिम भिंत बांधता येते, ओटा ठेवता येतो, कोनाडा काढता येतो, छत नऊ फुटांवर न आणता दहावर सोडता येतं. यातल्या एकाही गोष्टीला पीओपीइतका खर्च येत नाही.

आणि पुढच्या वेळी फोनवर 'लगान' लागला तर सामन्यापर्यंत पळवू नका. भुवनच्या आईच्या दारात थांबा. त्या भिंतीवर काहीही नाही, तरी ती बघावीशी वाटते. का, याचं उत्तर मिळालं की नवा हॉल कसा करायचा हेही कळायला लागेल.